करंडक कोणाच्या हातात?

आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेच्या आजवरच्या विजेत्यांचे फोटो भिंतीवर लागले. तासाभरात उद्घाटन, आणि माझं घोडं एकाच फोटोपाशी अडलं. दुहेरी जिंकलेल्या जुळ्या बहिणी. चेहरे सारखे, कपडे सारखे, करंडक मात्र एकीच्याच हातात. खाली कुणाचं नाव आधी लिहू?

थोरलीला फोटो पाठवून फोन केला.

"करंडक धाकटीकडे आहे."

धाकटीला विचारलं.

"छे हो, ताईकडे आहे!"

आता घ्या! मी वैतागून त्यांच्या आईलाच गाठलं. "दोघींपैकी एक नक्की चुकतेय. कोण, ते तुम्हीच सांगा."

"मला नाही सांगता यायचं बाबा. लहानपणीही दोघी बशी एकमेकींकडे सरकवत बसायच्या, आणि शेवटचं बिस्किट सादळून जायचं."