किंक्रांतीचा खेळ

पोकलेनने टॉकीजच्या बाल्कनीचा कोपरा खाली ओढला, त्याच वेळी छबूबाई रिक्षातून उतरल्या.

कुसुमताई समोरच्या चहाच्या टपरीवर बसल्या होत्या. सकाळपासून त्यांना एकच वाटत होतं, या वर्षी छबूबाई येऊ नयेत.

काळेवाडी आणि रहाटणीच्या मधलं कमलकुंज टॉकीज बंद पडून चौदा वर्षं झाली होती. चालू होतं तेव्हा पहिली शिफ्ट सुटली की कामगार युनिफॉर्मवरच तीनच्या खेळाला यायचे. खुर्च्यांना कायम ग्रीसचा वास असायचा. किंक्रांतीला मात्र दुपारचा खेळ फक्त बायकांचा. कुसुमताई तेव्हा लेडीज गेटवर होत्या. तिकीट फाडायचं आणि हातावर तीळगूळ ठेवायचा.

अशाच एका किंक्रांतीला, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, छबूबाईंची तीन वर्षांची मुलगी इथे हरवली.

तेव्हापासून छबूबाई दर किंक्रांतीला परभणीहून यायच्या. टॉकीज बंद पडल्यावरही यायच्या. दोघी पायरीवर बसून चहा घ्यायच्या, पाऊसपाण्याचं, दुखण्याखुपण्याचं बोलायच्या. मुलीचा विषय निघाला तरी लगेच मिटायचा. मग छबूबाई संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. कुसुमताईंनी त्यांना कधी घरी नेलं नव्हतं.

"पाडायलेत की," छबूबाई बाकावर टेकत म्हणाल्या.

"आठ दिवसांत साफ करणार म्हणे. बिल्डिंग होतीय."

"मग आता म्या कुठं यावं?"

कुसुमताईंनी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. या प्रश्नाचं उत्तर अठ्ठावीस वर्षं त्यांच्यापाशीच होतं.

त्या दिवशी खेळ सुटल्यावर त्या हॉल बघायला आत गेल्या, तर मागच्या रांगेत एक पोर खुर्चीत मुटकुळं करून झोपलेली. आजूबाजूला कोणी नाही. कुसुमताईंच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आजची रात्र घरी नेऊ, सकाळी चौकीवर देऊ, असं त्यांनी ठरवलं. सकाळी पोरीने झोपेतच त्यांच्या गळ्यात हात टाकला. चौकीवर जायचं राहून गेलं.

दुपारी छबूबाई नवऱ्याबरोबर गेटवर आल्या. नवरा आरडाओरडा करत होता. छबूबाई तोंडात पदर धरून उभ्या होत्या.

"नाही बाई," कुसुमताई म्हणाल्या, "मी नाही पाहिली."

महिन्याभरात कुसुमताईंनी चाकणजवळ निघोज्यात खोली घेतली. नवऱ्याला तिकडच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. बहिणीची मुलगी आहे, असं लोकांना सांगितलं. नाव ठेवलं योगिनी. कुसुमताई रोज दोन बस बदलून गेटवर यायच्या, पण पोरीला त्यांनी टॉकीजच्या आसपासही कधी आणलं नाही.

योगिनी आयटीआय झाली. चाकणला कंपनीत लागली. पहिला पगार झाला तेव्हा तिने कुसुमताईंना जांभळी साडी आणली आणि स्वतःच नेसवून दिली. दर किंक्रांतीला घरून निघताना कुसुमताई ठरवायच्या, आज सांगायचं. परत जाताना म्हणायच्या, पुढच्या वर्षी.

गेल्या मार्चमध्ये पहिल्या शिफ्टला जाताना योगिनीची गाडी चाकणच्या रस्त्यावर कंटेनरखाली गेली. ती जागच्या जागीच गेली.

आता परत द्यायलाही काही उरलं नव्हतं. छबूबाईंना काहीच कळू द्यायचं नाही, असं कुसुमताईंनी ठरवून टाकलं होतं. दोघींपैकी एकीने तरी मुलगी कुठेतरी जिवंत आहे असं समजून मरावं.

"लई वाळलाव ओ ताई," छबूबाई म्हणाल्या.

"साखर वाढलीय."

"मला बी डॉक्टरनं प्रवास बंद सांगितलाय. हे शेवटचंच येणं."

भिंतीचा मोठा तुकडा खाली आला. धुळीमुळे दोघींनी पदर तोंडाला लावला. धूळ बसल्यावर कुसुमताई हळूच म्हणाल्या, "तुमची पोर असेल कुठेतरी. चांगल्या घरात पडली असेल. जिवाला घोर लावू नका."

"चांगल्याच घरात हाय ती," छबूबाई म्हणाल्या. "ताई, रागावू नका. माझी पोर हरवली नव्हती."

कुसुमताईंनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला.

"हिच्या आधीच्या दोघी पोरी माझ्यापाशीच गेल्या. एक तापानं, एक दुधाविना. तवा आमी हितंच बांधकामावर होतो. ही तरी जगावी म्हणून तीन रविवार इथं येऊन तुमाला बघितलं. दुसऱ्यांची रडकी लेकरं तुमी मांडीवर घेऊन बसायच्या. किंक्रांतीला हिला झोपवलं अन् बाहेर आले. हितंच, ह्या टपरीमागं उभी ऱ्हायले. तुमी तिला कडेवर घेऊन निघालात, तवा गेले. दुसऱ्या दिवशी आले ते माझ्या मालकाला दाखवायला."

कुसुमताई वळून टपरीमागच्या त्या जागेकडे बघू लागल्या.

"दर साली वाटायचं, आज तुमी तिचं नाव काढताल. म्या कोणत्या तोंडानं इचारू? टाकून गेलेली बाई मी." छबूबाईंनी पदराने चेहरा पुसला, विस्कटलेले केस कानामागे सारले आणि बाकाला धरून उभ्या राहिल्या. "आज मातर घरी न्या. मी कोण ते सांगू नका. बोलणार बी न्हाई तिच्याशी. एकदा लांबून दाखवा, चला."