गुरं हाकायची जागा

सिंधूताईंनी चपला दारात काढल्या, हातातली काठी मात्र तशीच आत आणली. टहरौलीच्या पहिल्या बसनं झाशीला आल्या होत्या त्या, थोरल्या भावाची सही न्यायला.

मार्तंडराव टेबलाशी बसले होते. जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं, निवृत्तीनंतर शब्दांच्या मुळांचा कोश करायला घेतला आणि आठवडाभर शेताच्या एका वैदिक शब्दापाशी अडून होते. घ्या! शेत टहरौलीला, आणि हे त्याला शोधतायत लॅटिनमध्ये.

"दादा, या कागदावर सही कर. वीटभट्टीवाले भैया शेत घ्यायला तयार आहेत."

"वडिलांचं शेत? मुळीच नाही. दोन राखणदार ठेव."

"ठेवले होते. दोनों भाग गए. दूध आटलं की लोक गुरं मोकाट सोडून देतात, शंभर-शंभरचा कळप येतो. हरभरा गेला, आता गहू. महिना झाला, मीच रात्रभर मचाणावर बसते. नाही रे होत आता माझ्याच्यानं."

अकरा वर्षांत मार्तंडराव तिकडे फिरकले नव्हते. मग तोंडाला आलं ते बोलत सुटले.

"गंमत ऐक. लॅटिनमध्ये शेताला आगेर म्हणतात, आपल्या वेदांत अज्र. दोघांचं मूळ एकच, पण इतकं जुनं की कुठे लिहिलेलंच नाही, ताडून काढावं लागतं. त्यातलं अज् म्हणजे हाकणं. म्हणजे बघ, शेत ही आधी गुरं हाकायची जागा. नांगर मागाहून आला!"

सिंधूताई बसल्या जागी झोपल्या होत्या. पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. इतकं छान सांगतोय आणि ही झोपली, म्हणून आधी मार्तंडरावांना रागच आला. मग स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर गल्लीत गाय हंबरली. सिंधूताईंचे डोळे मिटलेलेच, पण काठी वर उठली. "हाड्! हाड् हाड्!" त्या झोपेतच पुटपुटल्या आणि काठी पुन्हा मांडीवर आली.

मार्तंडरावांनी कोशाची चिठ्ठी बाजूला सारली, तो कागद पुढे ओढला आणि सही केली. मग उठून बहिणीच्या हातातली काठी हळूच काढून घ्यायला गेले.

मूठ काही सुटेना.