गौरीचे वडे

गेली दोन वर्षं शेलारांच्या घरात गौरीच्या नैवेद्याचे वडे मृणालीच करायची. "बाकीच्या पोरींना नेमकी सणात पाळी येते. आमच्या मृणालीचं तसं न्हाय हां!" तिची आई सुगंधा आळीभर मिरवायची. पोर अंगाने सुटायला लागली, तेव्हा तिचा भात निम्मा करून दूध बंद केलं, तेही सुगंधानेच.

तरी वजन उतरेना, तेव्हा शेवटी दवाखाना गाठला. सोनोग्राफी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पीसीओएस आहे. चार-चार महिने पाळी नाही आणि तुम्ही आत्ता येताय? वर दूधही तोडलंत? हाडं भरायचं वय आहे हो हे!"

सुगंधाची मान वर होईना.

औषधं, रोजचं चालणं आणि पोटभर जेवण, असं वर्ष गेलं. पुन्हा गौरी आल्या. वड्यांचं पीठ मळून झालं, तरी मृणाली स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच उभी.

"आई, मला आज वडे करता येणार न्हाय. पाळी आली."

"अगो, लांब हो, शिवशील!" आजी आतून ओरडली.

सुगंधा उठली आणि पिठाच्या हातांनीच तिने लेकीला घट्ट कवटाळलं.



"वडे आता तुमीच करा," ती सासूला रडत म्हणाली, "मीच शिवले तिला."