खिशातला फ्यूज

कामाला हात लावण्याआधी इलेक्ट्रिशियन मेनचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. आपल्या खिशातला फ्यूज दुसरं कोण लावणार? आणि तोच आज स्वतःच्या घरी, बाथरूममधली वायर जोडताना शॉक लागून गेला.

“फ्यूज काढायला विसरलाच कसा हा?” धाकटा भाऊ सारखा तेच म्हणत होता. “वहिनी, तुम्ही तरी सांगा.”

“तिला नका विचारू,” शेजारीण म्हणाली. “शॉक बसलाय तिला.”

बाहेर दोरीवर त्याचा शर्ट वाळत होता. बायको तिकडेच बघत होती.

“उकडतंय म्हणून ह्यांनी काढून ठेवला होता,” ती म्हणाली. “धुण्याआधी मी खिसे बघते, भावजी. सापडेल ते जागच्या जागी ठेवते.”