कुंकू लावलेला मदरबोर्ड

"मशीन आजच्या आज जोडून द्या, उद्या सकाळी मुहूर्त आहे," असं म्हणत गुरुजींनी माझ्या काउंटरवर दोन खोकी आपटली. ग्रहांचे व्हिडिओ बनवायला त्यांना दमदार वर्कस्टेशन हवं होतं. प्रोसेसर आणि मदरबोर्ड त्यांनी स्वतःच निवडून आणले होते. वर दोन्हींची पूजाही उरकली होती. मदरबोर्डला कुंकू लागलं होतं, खाचेत अक्षता अडकल्या होत्या. असा माल परत कोण घेणार?

त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र तो आवाज कसा विसरेन? माझ्या आणि निशिकांतच्या लग्नाच्या बैठकीत माझी पत्रिका मांडीवर पसरून ते बाबांना म्हणाले होते, "मुलीला कडक मंगळ आहे. हे लग्न केलंत तर दोघांतलं एक जाईल. उपाय नाही." त्याच संध्याकाळी निशिकांतच्या घरून नकार आला. पुढे त्याचं लग्न झालं, ते गुरुजींच्याच भाचीशी.

मी प्रोसेसर बोर्डवर धरून पाहिला. "हे जुळत नाहीत, गुरुजी. बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी आहे."

"अहो, दोन्ही भारीतले आहेत! जरा दाबून बसवा."

"जबरदस्ती केली तर दोघांतलं एक जाईल."

त्यांचा चेहरा उतरला. "उद्या सगळं गाव येणार आहे हो. काहीतरी उपाय असेलच की!"

त्या प्रोसेसरला चालणारा बोर्ड माझ्या मागच्याच फळीवर होता. मी जरा सरकून तो झाकला जाईल अशी उभी राहिले.

"उपाय नाही, गुरुजी."