पांढरी रेघ

“बसून राहा, हलू नकोस,” गाडीखालून थोरला म्हणाला. “तुझं वजन पडल्याशिवाय शेवटचे बोल्ट आवळायचे नसतात.”

धाकटा ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिला. गाडी त्याची होती, आणि तीही साधीसुधी नव्हे. सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची. वळणावर तिची मागची बाजू डुलते, म्हणून मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे मऊ रबरी बुश काढून कडक रबराचे बसवायचं चाललं होतं. काम धाकट्याच्या घरीच, आवारात. सकाळी सातपासून थोरला जमिनीला पाठ लावून होता. जुने बुश त्यांच्या लोखंडी नळ्या गंजून असे धरून बसले होते की शेवटचा निघेपर्यंत त्याच्या अंगठ्याचं साल निघालं. भावजयीने मध्ये एकदा चहा आणला, आणि थोरला टेकायच्या आत खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं. त्याने ते पाहिलं. पण कपडे ऑइलने माखलेलेच होते, त्यात तिचं तरी काय चुकलं म्हणा.

थोरल्याचं गॅरेज बंद पडून तीन महिने झाले होते. बावीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेला माणूस रिकामा बसला की घर खायला उठतं. धाकट्याची गाडी ज्या वर्कशॉपमध्ये जायची तिथे फक्त अशाच गाड्यांचं काम चाले. मालकाकडे तुझ्यासाठी शब्द टाकतो, धाकटा म्हणाला होता, पण आधी माझ्या गाडीचं कर. काम दाखवूनच सांगतो की हे माझ्या दादाचं. झालं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? थोरला आपली हत्यारं घेऊन हजर झाला.

रबराचं एक असतं. गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट आवळला, तर चाकं खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. घरी काम करणारे नेमके इथेच फसतात. थोरला फसणाऱ्यातला नव्हता. त्याने चारही चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर उभी केली, चालवणाऱ्याला आत बसवलं आणि मगच टॉर्क पाना हातात घेतला. ठरलेल्या जोराला पाना ‘कट्’ वाजला की बोल्ट पुरा. मग बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर जाणारी पांढऱ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ. बोल्ट जरा जरी सैल झाला तरी ती मोडलेली दिसते. ज्याच्या हाताखाली तो काम शिकला त्या वस्तादाची ही शिकवण होती. रेघ मारली म्हणजे याला जबाबदार मी. लहान असताना धाकटा गल्लीभर सांगत सुटायचा, गाडीखाली माझ्या दादाची सही असते.

सात बोल्ट झाले, सात रेघा मारून झाल्या. आठव्याला पाना लावला तेवढ्यात वर फोन वाजला.

“हां, बोला मालक.”

वर्कशॉपचा मालक. थोरल्याचा हात थांबला. शेवटी माणूसच तो, कान टवकारले. खिडकीची काच खाली होती, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“हो, घरीच बसवून घेतोय... कोण म्हणजे, आहे एक ओळखीचा. किरकोळ कामं करतो... छे छे, तुमच्याकडे ठेवण्यासारखा नाही तो. उद्या आणतोच गाडी. तुमच्या माणसांना सगळे बोल्ट एकदा खोलून बघायला सांगा.”

थोरला गाडीच्या तळाकडे बघत पडून राहिला. त्याला समजायला वेळ लागला नाही. धाकटा त्या वर्कशॉपमध्ये चार गाडीवाल्यांत उभा राहून गप्पा मारतो. तिथे एखाद्या गाडीखालून सख्खा भाऊ काळे हात घेऊन बाहेर आला तर? एवढीच गोष्ट. मालकाला माणूस हवा होता, आणि ती जागा याने स्वतःच्या जिभेने घालवली. थोरल्याला भयंकर संताप आला. पण आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

आठवा बोल्ट अजून सैल होता. तसाच सोडावा, असं एकदा त्याच्या मनात आलं. खोटं कशाला बोला. पण बावीस वर्षांत हाताला ते शिकवलंच नव्हतं. त्याने बोल्ट पुरा आवळला. कट्.

मग त्याने फडकं घेतलं. रंग अजून ओला होता. सातही रेघा त्याने एकेक करून पुसल्या, बोल्टच्या कडेला राहिलेला पांढरा ठिपकासुद्धा नखाने खरवडून काढला. रंगाच्या डबीचं झाकण दाबून लावलं आणि बाहेर सरकला.

धाकट्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. छान हसत होता.

“झालं? सही केलीस ना, दादा?”

थोरला पाने पुसून पेटीत ठेवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

“ओळखीच्या माणसाची कसली सही?” तो म्हणाला. “उतर आता. काम झालं.”

धाकटा सीटवरून हलला नाही.