सुक्या बोंबलाचं पान

"काकू, बाप्पा कुठे गेला?"

श्यामकांत सरांनी विचारलं आणि अख्खा क्लास प्रेमाच्या स्क्रीनकडे वळला. वर मोठ्या अक्षरात 'आमच्या मंडळाचा बाप्पा', खाली आरतीची वेळ, आणि मधोमध ताटातली तळलेली सुरमई.

"काकू, प्रसाद काय ते कळलं," मागून नितेश म्हणाला.

प्रेमालाही हसू आलं. "काल सुरमईचा फोटो चढवला, सर. नाव बदलायचं राहिलं, बाप्पाच्याच नावाने बसला."

"पानात फोटो नसतोच, काकू. पानात फोटोचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर जो असेल, तो दिसणार."

प्रेमाने ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच वहीत लिहायची. सेहेचाळीस वय, अकरा वर्षं चार घरच्या पोळ्या, उजवं मनगट कामातून गेलेलं. कांजूरमार्गच्या या एचटीएमएलच्या क्लासला ती हौस म्हणून आली नव्हती. तीन महिन्यांत जो पहिला येईल त्याला सरांच्या ऑफिसात नोकरी, असं बाहेरच्या बोर्डावर लिहिलं होतं. खुर्चीवर बसून करायची नोकरी.

शिकायला तिला जड गेलं नाही. कोडातली खूण, म्हणजे टॅग, उघडली की बंद करायची; डब्याला झाकण लावण्याइतकंच ते. पोरं बंद करायला विसरत आणि पान फाटलं म्हणून बोंबलत. प्रेमाचं पान फाटायचं नाही. आधी ती सगळा कोड वहीत हाताने लिहायची, मग टाइप करायची. सर आठवड्याला ती वही बघून लाल पेनाने सही मारत. बाकी कोणी वही आणतच नव्हतं.

फोटो मात्र ती क्लासच्या फोल्डरमध्ये ठेवायची नाही. तिथे पोरं एकमेकांच्या फायली उडवायची. मुलीने, श्वेताने, तिला फोनवर फोटो ठेवायचं फुकटचं खातं काढून दिलं होतं. फोटो तिथे, पत्ता पानात.

शेवटचा अभ्यास आला. सर म्हणाले, "समजा, वर्सोव्यात सुक्या मासळीचं दुकान आहे. त्याचं पान करा. काल्पनिक हां."

पोरांनी नेटवरून मासे उचलले. प्रेमा रविवारी वर्सोव्याला गेली, बांबूच्या वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा फोटो काढून आली. वाकटी भाजायची कशी, सोडे किती वेळ भिजवायचे, सुकटीत खोबरं कधी घालायचं, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

सरांनी ते पान दोनदा वाचलं. "हे सगळं स्वतः केलंत?"

"मग काय शेजारणीने?"

सरांनी वहीत लाल पेनाने काहीतरी खरडलं आणि सही केली.

नोकरी अबोलीला मिळाली. अबोली सरांची भाची. तीन महिन्यांत चार वेळा क्लासला आलेली.

त्या दिवशी प्रेमा घरी आली, भाकऱ्या केल्या. नवरा, लवू, ताटावरून म्हणाला, "काय झाला गो?"

"काय नाय. जेवा तुमी."

महिन्याने क्लासच्या ग्रुपवर आमंत्रण आलं. वर्सोव्याच्या चेतनाताईंच्या सुक्या मासळीच्या वेबसाइटचं उद्घाटन, निर्मिती अबोली, मार्गदर्शन श्यामकांत सर. खाली लिंक. प्रेमाने ती उघडली. तिचंच पान होतं. दुकानाचं नाव तेवढं बदललेलं.

ती सरांकडे गेली.

"काकू, क्लासमध्ये केलेलं काम क्लासचं असतं," सर शांतपणे म्हणाले. "आणि पानावर तुमचं नाव कुठे आहे? दाखवा."

"नाही, सर."

"मग? कार्यक्रमाला या. सर्टिफिकेट स्टेजवर देतो. फोटो काढू."

"येते," प्रेमा म्हणाली.

वर्सोव्याचा हॉल भरला होता. नव्या पातळातल्या कोळणी पुढच्या रांगांत, प्रेमा शेवटच्या रांगेत, मांडीवर वही. पडद्यावर पान उघडलं. बोंबील ऐटीत वाळत होते. टाळ्या पडल्या.

चेतनाताई उठल्या. "पोरी, वाकटीचं तू लिवलंस ते माझी आय सांगायची तसंच. तुला कुटून कललं?"

अबोलीने सरांकडे पाहिलं.

"रिसर्च," सर म्हणाले.

"मंग पुढची समदी पानं पण हिच्याकडनंच करून घेनार मी. जिनं हे केलं, तिलाच काम."

पुन्हा टाळ्या. प्रेमाने एकदा वहीवर फोन धरला, मग खाली मान घालून बोटं चालवत बसली. सरांना ते स्टेजवरून दिसलं.

"काकू, फोन ठेवा जरा. सर्टिफिकेट तुमचंच आहे आता."

"झालंच, सर." तिने फोन पर्समध्ये टाकला. "एवढ्या मागून पान नीट दिसलं नाही हो. एकदा रिफ्रेश मारा ना."

"बघा," सर माइकवर म्हणाले, "पोळ्या करणाऱ्या बाईला मी रिफ्रेश शिकवला." हॉल हसला. प्रेमाही हसली. सरांनी बटण दाबलं.

दुकानाचं नाव जागेवर होतं. वाकटीची कृती जागेवर होती. मधोमध बोंबलांच्या ठिकाणी रेघांच्या वहीचं एक पान आलं: हाताने लिहिलेला अख्खा कोड, वर 'प्रेमा लवू गावकर, कांजूरमार्ग', दोन महिन्यांपूर्वीची तारीख, आणि खाली तिरक्या लाल अक्षरात, 'सगळं स्वतः केलं आहे. दहापैकी दहा. श्यामकांत.'